क्लोनबाऱ्याचं घराणं

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. आयुष्यात मी जेवढ्या गोष्टी सांगितल्या त्यातल्या निम्म्या लोकांनी खोट्या ठरवल्या, आणि उरलेल्या निम्म्या पडताळून पाहायचा त्यांना कंटाळा आला. पण कार्ल्सरूहेत एका रविवारी दुपारी, साखरपुड्याच्या पाटाशेजारी बसून, मी आयर्लंडमधल्या एका बाजारगावाला दोनशे वर्षांचा नवाकोरा इतिहास दिला आणि तो तासभर टिकला, हे शब्दशः खरं आहे. साक्षीला सहा माणसं आहेत. त्यातली चार अजून माझ्याशी बोलतात.

सगळं झालं आक्कामुळे. माझी थोरली बहीण अरुंधती, वय पंच्याऐंशी, गुडघे दोन्ही नवे, स्वभाव जुना. आम्ही दोघं अकरा आठवड्यांसाठी तिच्या मुलाकडे, प्रतापकडे आलो होतो आणि मंगळवारच्या विमानाने परत जाणार होतो. त्याच्या आत प्रतापच्या मुलीचा, तनयाचा, साखरपुडा उरकायचा होता. मुलगा डोनाल. तिच्याच ऑफिसात कामाला, उंच, लाजरा, गाव क्लोनबारा, देश आयर्लंड.

मुलगा परदेशी आहे याचं आक्काला काहीच वाटलं नव्हतं. जर्मनीत परदेशी आपणच की, असं ती म्हणाली. धर्माबद्दलही तिने तोंड उघडलं नाही. तिची अडचण एकच होती, घराणं. माणूस एकवेळ कळला नाही तरी चालेल, कारण तो लग्नानंतर कळतोच; पण घराणं आधी कळलं पाहिजे, हा तिचा सिद्धांत. असा सिद्धांत मांडायचा तिला अधिकार होता, कारण आमचं घराणं. आमचे आजोबा आबासाहेब एका संस्थानचे कारभारी होते. साठ वर्षांत एकही लग्नकार्य असं झालं नाही, जिथे आक्काने माहेरचं हे संस्थान सासरच्यांच्या पंगतीत वाढलं नाही. कोणतं संस्थान, असं एखाद्याने विचारलंच, तर ती म्हणायची, आता ते विलीन झालं. मी सख्खा भाऊ. मी शेजारी बसून मान डोलवायचो.

आक्का रुसली तर रुसली, असं म्हणून पुढे जाता आलं असतं. पण प्रताप आणि त्याची बायको शोभना इथे घर लावत होते तेव्हा तनया आठ वर्षांची होईपर्यंत पुण्यात आक्काच्या कुशीत वाढली. तिने डोनालला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की आजी ‘हो’ म्हणाली तरच अंगठी. नाहीतर नाही. डोनालला वाटलं ही बोलायची पद्धत असेल. नव्हती.

तर घराण्याची चौकशी करायची कशी? जर्मनीत लग्नाला कागद लागतात, पुण्यात कूळ लागतं, आणि आमच्या शोभनाने दोन्हींचा मेळ घातला. तिने पुण्यातल्या एका वधूवर सूचक केंद्राचा फॉर्म मागवला, फोनकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं आणि डोनालच्या वडिलांना पाठवून दिला. वडील म्हणजे कॉर्मक. विधुर, निवृत्त शाळामास्तर, क्लोनबारा इतिहास मंडळाचे चिटणीस. मंडळाचे सभासद नऊ. दुसऱ्या कुणी असला फॉर्म हसून टाकून दिला असता. पण इतिहास मंडळाच्या चिटणिसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन त्याच्या गावाचा इतिहास विचारला होता. त्याने रांगोळीसारख्या अक्षरात फॉर्म भरला. कुलदैवताच्या रकान्यात गावच्या खेळाच्या संघाचं नाव. नाडीच्या रकान्यात ‘बहात्तर, नियमित’. मूळ गाव या रकान्यात फक्त ‘सोबत जोडले आहे’ एवढंच. सोबत त्याने स्वतः लिहून छापलेलं चौसष्ट पानांचं पुस्तक जोडलं होतं, आणि स्वतःच्या घराण्याचा उल्लेख जिथे जिथे आला होता तिथे तिथे हिरव्या चिठ्ठ्या लावल्या होत्या.

पुस्तक पहिल्यांदा प्रतापने वाचलं, ट्राममध्ये, ऑफिसला जाता-जाता. प्रताप मोटारींच्या कंपनीत क्वालिटीला आहे. त्याला दोष दिसला नाही तर चैन पडत नाही. त्या दिवशी त्याला इतके दिसले, की तो दोन थांबे पुढे गेला. घरी येऊन त्याने हिरव्या चिठ्ठ्या एकेक करून शोभनाला वाचून दाखवल्या. डोनालच्या पणजोबाचे वडील मार्टिन, लोण्याच्या पिंपात मध्यभागी शलगम भरून वजन वाढवताना पकडले गेले. एका हंगामात तीनदा शिक्षा. त्यांचा मुलगा, आजारी घोडा आलं चोळून तरतरीत करून विकण्यात प्रसिद्ध. तो धरून पुढचे सगळे बाजारात दलाल. गुराढोरांचे.

शोभनाने गॅस बंद केला. म्हणजे गॅस नाही, इथे काचेची शेगडी असते, पण बंद केली. मग ती माझ्या खोलीत आली. मी अंथरुणात शब्दकोडं सोडवत होतो. तिने दार लावून घेतलं तेव्हाच मी ओळखलं की मला काहीतरी पाप करायचं आहे.

आक्काचं इंग्रजी मॅट्रिकला संपलं. ते पुस्तक तिला कुणीतरी वाचून मराठीत सांगावं लागणार होतं. प्रताप नको, तो आईला बरं वाटेल असं बोलतो, असं तिनेच सांगितलं होतं. शोभना नको, ती मुलाकडच्या बाजूची. तनया नको, ती तर नवरीच. राहिलो मी. श्रीपादला कुणाच्याच लग्नात रस नाही, त्याने स्वतःचंसुद्धा केलं नाही, तो खरं सांगेल, हे आक्काचे शब्द. ऐंशी वर्षं मला ओळखणाऱ्या बाईने असं म्हणावं, यावरून रक्ताचं नातं किती आंधळं असतं ते दिसतं.

“मामा, खोटं बोला असं मी म्हणत नाही,” शोभना म्हणाली. “पण सगळंच कुठे सांगायला हवं?”

मी म्हटलं, बघतो.

प्रतापला हे कळलं तेव्हा तो अस्वस्थ झाला. परवाच श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या लग्नाच्या कचेरीत, त्याला सांगितलं होतं की आयर्लंडचे सगळे कागद शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच करून आणा. शपथ, प्रताप मला दोनदा म्हणाला. मी त्याला समजावलं, की मी मुळात शपथच घेतलेली नाही, त्यामुळे ती मोडण्याचा प्रश्न येत नाही. क्वालिटीच्या माणसाला हा मुद्दा पटला नाही, पण खोडताही आला नाही. तनयाचं मात्र स्पष्ट होतं. आल्झो, म्हणजे हे बघा, मामाआजोबा, ती म्हणाली, आजीला फसवून ‘हो’ घ्यायचं असेल तर तो ‘हो’ मला नकोच. मी गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत निघून आलो. जर्मन भाषेत तेवढंच मला येतं आणि तेवढं पुरतं.

रविवारी दुपारी तीनला पाहुणे आले. कॉर्मक साधारण सत्तरीचा, तांबूस, पायात चकचकीत बूट. आमच्याकडे बूट काढतात हे डोनालने सांगितल्यावर त्याने ते काढले आणि मोज्याला अंगठ्याशी भोक निघालं. बिचारा पूर्ण वेळ एक पाय दुसऱ्यावर ठेवून बसला. पाट मांडला होता, ताटात साखरेचा पुडा, नारळ, अंगठ्या. नारळ फोडायचा नव्हता. रविवारी आवाज झाला तर खालची बाई हाउसऑर्डनुंगचं, म्हणजे इमारतीच्या नियमांचं, कलम घेऊन वर येते, असं प्रतापचं म्हणणं. देवाला न फोडलेला नारळ आणि शेजारणीला न मोडलेला नियम, असा आमचा इथला धर्म.

आक्का आरामखुर्चीत बसली. मी शेजारी, हातात पुस्तक. कॉर्मक समोर, हात गुडघ्यांवर, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखा. आक्का म्हणाली, वाच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या खोलीत सात माणसं. आक्काला इंग्रजी येत नाही, कॉर्मकला मराठी येत नाही, डोनालला मराठीचे चाळीसेक शब्द येतात. उरलेले चौघं दोन्ही भाषा जाणणारे. म्हणजे मी जे काही करणार होतो ते चार माणसांच्या देखत उघड्यावर करणार होतो, आणि त्यातला एक मी स्वतः. असा दरोडा जगात कुठे झाला नसेल.

सुरुवात मी खरी केली. क्लोनबारा हे मंगळवारच्या बाजाराचं गाव. नदीकाठी, मध्ये चौक, चौकात दगडी मंडई, मंडईवर घड्याळ. घड्याळाला तीनच बाजूंना तबकडी आहे. चौथी बाजू कोरी, कारण तिकडे शेजारचं गाव, आणि त्यांना फुकट वेळ कशाला दाखवायची असं क्लोनबाऱ्याच्या पंचांनी ठरवलं. हे पुस्तकात जसंच्या तसं होतं. आक्काने पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकली.

“पुण्याचेच दिसतात,” ती म्हणाली.

मग पहिली हिरवी चिठ्ठी आली. मार्टिन आणि शलगम. मी चष्मा पुसला. प्रतापने खिडकीबाहेर पाहिलं. मी म्हणालो, डोनालच्या पणजोबांचे वडील मार्टिनराव हे लोण्याच्या पेठेतलं मोठं प्रस्थ. त्यांच्या पिंपात काय आहे हे पाहायला सरकारी निरीक्षक स्वतः यायचा. दुसऱ्या कुणाकडे जायचा नाही, त्यांच्याकडे यायचा. एका हंगामात तर न्यायासनासमोर त्यांचं नाव तीन वेळा पुकारलं गेलं. गावात हा मान दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

यात खोटं काय होतं ते दाखवा. शोभनाने सुस्कारा सोडला आणि चिवड्याची बशी कॉर्मकपुढे सरकवली. कॉर्मकला ‘मार्टिन’ एवढं कळलं. तो कौतुकाने मान हलवत होता. आपल्या चोर पूर्वजाचं नाव परक्या भाषेत इतक्या आदराने घेतलं जातंय, हे पाहून त्याचे डोळे पाणावले असावेत. किंवा चिवडा तिखट असेल.

घोड्याचं प्रकरण मी अश्वचिकित्सा म्हणून सांगितलं. आलं हे औषधी आहेच, त्यावर आक्काने स्वतःच पुस्ती जोडली. इथपर्यंत ठीक होतं. पण मला एक खोड आहे. गाडी उताराला लागली की मला ब्रेक सापडत नाही. पुढच्या चिठ्ठीला दलाली आली आणि मी म्हणालो, नगरशेट. पिढ्यान्‌पिढ्या नगरशेट. बाजार त्यांच्या शब्दावर भरायचा, त्यांच्या शब्दावर उठायचा. मंडईच्या सात कमानींपैकी मधली कमान त्यांच्या घराण्याच्या घोड्यासाठी राखीव. पुस्तकात कमानी चार होत्या. मग मी नदीत एक घाट बांधला. घाटावर त्यांच्या पणजीच्या नावाचा धर्मार्थ हौद बांधला. हौदातलं पाणी आटत नाही, असं म्हटलं तेव्हा शोभनाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने मला एक वाटी मागितली होती आणि मी पातेलं घेऊन आलो होतो.

आता गंमत पाहा. जी शोभना हे सगळं माझ्याकडून करून घेत होती, ती घाबरून नको-नको अशा खुणा करायला लागली. आणि जो प्रताप शपथेवर अडला होता, तो आईचा चेहरा फुललेला पाहून फितूर झाला. आक्काने विचारलं, हौद दगडी का विटांचा, आणि मी अडखळलो, तर प्रताप तिकडून म्हणाला, “दगडी, आई. फोटो आहे.” बत्तीस वर्षं क्वालिटीला काढलेला माणूस. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर त्यानेच सांगितलं: आई आली त्या दिवसापासून ती एकदाही इतका वेळ त्याच्या घरात खूश बसली नव्हती. एका दगडी हौदाने होत असेल तर होऊ दे, असं त्याला वाटलं.

तनयाला हे बघवेना. ती डोनालच्या कानात काही सांगत नव्हती, पण तो विचारत होता, आणि तिचे कान लाल होत चालले होते. ती उठली. म्हणाली, आजी, मला काही सांगायचंय. शोभनाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि कॉफी आणायला पिटाळलं. ती गेली नाही. आजीच्या पायाशी जमिनीवर बसली. आठ वर्षांची असताना बसायची तशी. आक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण माझ्याकडेच पाहत राहिली.

“पुस्तक पुरे,” आक्का म्हणाली. “छापलेलं कुणीही छापतं. या गृहस्थांनी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंय ते विचार. त्यांच्या आजोबांचं.”

मी कॉर्मकला इंग्रजीत विचारलं. त्याने दुसरा पाय पहिल्यावरून काढला, भोकाची लाज विसरला आणि उठून उभा राहिला. मास्तर तो. खडू हातात दिल्यासारखा खुलला. त्याने प्रतापला आणि डोनालला खोलीच्या मध्ये समोरासमोर उभं केलं. तू विकणारा, तू घेणारा, मध्ये सोफ्याची उशी, ती गाय. प्रतापला त्याने चिडून निघून जायला सांगितलं. प्रताप दाराकडे निघाला, कॉर्मकने धावत जाऊन त्याची बाही पकडली, परत आणलं, त्याच्या कानात काही कुजबुजला. मग डोनालच्या कानात. मग डोनालला उशीचं तोंड उघडून दात बघायला लावले. प्रताप पुन्हा निघाला, पुन्हा बाही. तिसऱ्यांदा कॉर्मकने दोघांचीही मनगटं धरली, स्वतःच्या तळहातावर थुंकल्यासारखं केलं आणि दोघांचे हात एकमेकांवर असे आपटले, की खालच्या बाईने नक्की वेळ लिहून ठेवली असेल. मग तो हसत, धापा टाकत आक्काकडे वळला. माझे आजोबा, एवढंच तो म्हणाला, आणि छातीला हात लावला.

खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते. मी घसा साफ केला. म्हणालो, ही त्यांच्याकडची दरबारी प्रथा. दोन घराण्यांत तंटा झाला की नगरशेट मध्यस्थी करायचे, दोन्हीकडच्यांना मानाने बोलावून आणायचे आणि शेवटी अशी हस्तवंदना व्हायची. पाण्याचा थेंब तळहातावर घेतात तो पवित्र नदीचा.

 आक्का खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठली. तनया सावरायला गेली तर तिने तिला बाजूला केलं आणि ती कॉर्मकसमोर जाऊन उभी राहिली, त्याच्या खांद्याएवढी. तिने पदराचं टोक पुढे ओढून उजव्या हातावर घेतलं आणि झाकलेला हात त्याच्यापुढे धरला.

कॉर्मकला काही कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला मात्र सगळं कळलं. त्याने भीत-भीत आपला हात पदराखाली घातला. वरून काही दिसत नव्हतं, फक्त कापड हललं. एकदा. मग थांबून दोनदा. कॉर्मकच्या कपाळावर आठी आली, आठीचं हळूहळू आश्चर्य झालं, आणि मग त्या म्हाताऱ्या मास्तरने पदराखाली काहीतरी उत्तर दिलं. आक्काने मान हलवली, नाही म्हणाली. त्याने पुन्हा काही दाबलं. या वेळी आक्का हसली. गावच्या मुलीसारखी, दात न झाकता. आम्ही आमचं गाव पिंपळदरं सोडलं त्यानंतर मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती.

हात पदराखालीच ठेवून तिने डाव्या हाताने ताटातला साखरेचा पुडा उचलला, कॉर्मकच्या मोकळ्या हातात दिला आणि हनुवटीने तनयाकडे खूण केली. त्याला ती भाषांतराशिवाय कळली. तनयाने पुडा घेतला तेव्हा शोभनाला रडू फुटलं, आणि डोनालने काय झालं म्हणून विचारलं, तर त्याला कुणी सांगेना.

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, चला, नगरशेटांचं घराणं कारभाऱ्यांना शोभलं.

आक्का माझ्याकडे वळली. कॉर्मकचा हात तिने अजून सोडला नव्हता.

“श्रीपाद, तासभर ऐकून घेतलं तुझं,” ती म्हणाली. “नगरशेट तळहातावर थुंकतो का रे कधी? धादांत खोटं बोलतोयस. याचा आजोबा दलाल होता, गुरांचा. आणि हे मला कशावरून कळलं ते या पोरांना तू सांगतोस, का मी सांगू, आपले कारभारी आबासाहेब गुरुवारच्या बाजारात पदरासारखं उपरणं हातावर टाकून, त्याखाली बोटं दाबून गुरांचा भाव ठरवत कुठे उभे असायचे ते?”